विसण

पौषातली सकाळ. आवडाबाई मोरीत पाटावर बसली, डोक्याला शिकेकाई चोळली आणि डोळे घट्ट मिटून सुनेवर ओरडली, "मेलीस का गं? पाणी ओत."

मालननं चुलीवरचं कढत पाणी घंगाळात ओतलं. वाफ तोंडावर आली तशी म्हातारी पाटासकट मागं सरली.

"आधी गार विसण घाल. सोलून काढतेस काय मला?"

"किती घालू, आत्याबाई?"

"रोज काय विचारून घालतेस? हात घालून बघ."

"कुठला घालू?"

मालनचा उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत फोडांनी भरला होता. पेज पातळ झाली म्हणून आदल्या रात्री आवडाबाईनंच ती उकळती पेज त्या हातावर ओतली होती. मालनचा नवरा तानाजी समोरच बसला होता. कल्याणच्या इंजिनखान्यात कोळसा मारणारा गडी. म्हणाला, "आमच्यात वाफेनं माणसं सोलून निघतात. हे काय भाजणं झालं?" आणि खाली मान घालून जेवला मेला.

"मग डावा घाल की," आवडाबाई म्हणाली. आवाज जरा उतरला होता.

"रात्री डाव्या हातानं वाढलं तर तुम्ही ताट लाथाडलंत."

शिकेकाई डोळ्यांत उतरली, चुरचुरायला लागली. डोळे उघडायचे तर पाणी हवं, आणि तांब्या मालनकडे. तांब्या पाण्यात बुडल्याचा आवाज आला. कुठल्या पाण्यात, ते कळेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आवडाबाईला सुनेची भीती वाटली. वाटू दे. फार उशिरा वाटली.

"थांब, ओतू नकोस. गार पाण्याचा हंडा इकडं सरकव."

मालननं हंडा पायानं सरकवला. आवडाबाईनं चाचपडत त्यात हात घातले आणि त्या थंडीत ओंजळी भरभरून डोक्यावर मारल्या. दातांवर दात वाजत होते.

ओटीवरून तानाजीनं विचारलं, "आये, कुडकुडतेस का एवढी? पाणी तापलं नव्हतं?"

आवडाबाईनं लालभडक डोळे उघडले. सुनेच्या हाताकडे पाहिलं.

"तापलं होतं," ती म्हणाली आणि लुगडं सावरत लगबगीनं मोरीबाहेर पडली.

मालननं पाट सरळ केला. घंगाळातून अजून वाफा निघत होत्या.

"तुमचं पाणी काढलंय," ती ओटीकडे तोंड करून नवऱ्याला म्हणाली. "या न्हायला."