निघण्याआधीचा घास

"पीठ संपलंय," बुबुसारा म्हणाली. भरलेलं पोतं तिच्या पाठीमागेच होतं.

तिच्या लेकीने, बेगिमाईने, खांद्यावरचा दोर खाली ठेवला. बाहेर ट्रक खोळंबला होता, बरोबरचे गिर्यारोहक केव्हाच चढून बसले होते. आकचोकू शिखराच्या पायथ्याला उन्हाळ्यात एकदाच ट्रक जातो. मागच्या दोन्ही उन्हाळ्यांत आईचं पीठ असंच ऐन वेळी संपलं होतं.

आमच्या गावात रोटीचा घास घेतल्याशिवाय कुणी लांबच्या वाटेला लागत नाही. जाणाऱ्याने एक घास तोडायचा, उरलेली रोटी खिळ्याला टांगायची. परत आल्यावर त्यानेच ती संपवायची. बेगिमाईच्या बापाची, कुबातची, रोटी अजून टांगलेली आहे. पार दगड झालाय तिचा. तो आकचोकूवरून परतलाच नाही. त्यामुळे बुबुसारा पोरीला का अडवते, हे गावाला कुणी सांगायला नको होतं. बिचारी एकदा पोळलीय, म्हणायचे सगळे.

आज मात्र बेगिमाई हटेना. बाबा गेले म्हणून मी जन्मभर मेंढ्याच राखायच्या का, असं तिने तोंडावर विचारलं. मग जरा नरमली. जपून जाईन, म्हणाली, तू भिऊ नकोस.

बुबुसारा खिडकीशी गेली. आकचोकूच्या बर्फावर नुकतं ऊन आलं होतं. लग्नाआधी ती आणि कुबात एकाच दोराला बांधून घेऊन तिथे चढली होती. गारठ्याने ओठ फुटलेले, तरी माथ्यावर दोघं वेड्यासारखी हसत सुटली होती. काय दिवस होते ते! पुढे पोर झाली, आणि दोर एकट्या कुबातचा झाला.

"भीती कुठली गं," ती म्हणाली. "हेवा वाटतो मला तुझा. त्याचाही वाटायचा. तो शेवटचा निघाला तेव्हा तू अंगावर पीत होतीस. मी हसतमुखाने रोटी टांगली, आणि आतून नुसती जळत होते."

बाहेर ट्रकवाल्याने भोंगा वाजवला.

बुबुसाराने रजयांच्या चळतीमागे हात घालून रोटी काढली. पहाटेच भाजून ठेवली होती. बेगिमाईने भरल्या डोळ्यांनी घास तोडला आणि रोटी आईच्या हातात दिली. टांगायला.

बुबुसाराने ती फिरवली, आणि दुसऱ्या बाजूने आपला घास तोडला.