ओळ न् ओळ आमची

"यातली ओळ न् ओळ आमच्याच ऑफिसात लिहिलीय," मालाच्या साठ्याचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर विकायला आलेला माणूस छातीठोकपणे म्हणाला. पंप कारखान्याचे मालक खूश होते. तिथला संगणक विभाग सांभाळणाऱ्या वृंदाच्या मनात मात्र पाल चुकचुकली. पडद्यावरची मांडणी फारच ओळखीची होती.

वडिलांच्या औषधांच्या दुकानासाठी तिने असाच प्रोग्रॅम लिहून इंटरनेटवर सगळ्यांना खुला केला होता. लायसन्स साधं होतं : कुणीही फुकट वापरा, हवं तर विका, फक्त लिहिणारीचं नाव त्यात राहू द्या. इथे तिचं नाव कुठेच नव्हतं.

"मी बघू?" म्हणत तिने तारखेच्या रकान्यात बत्तीस जानेवारी टाकली.

पडद्यावर अक्षरं उमटली : "अण्णा, आधी चष्मा लावा!"

मालक चक्रावले.

"माझं नाव पुसलंत," वृंदा त्या माणसाला म्हणाली, "पण माझे वडील पुसायचे राहिले."