अकरा आया

"कुप्या बदलल्यास तू," मिस डूली म्हणाल्या.

"नाही बदलल्या!" ब्रिन जवळजवळ ओरडलीच. "हिरवी झाकणं धरणाखालच्या पिल्लांची, पांढरी वरच्यांची. झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन!"

शाळेच्या प्रयोगशाळेत दोघीच होत्या. मध्ये टेबलावर विद्यापीठातून आलेला डीएनए-तपासणीचा निकाल. पुढच्या महिन्यात आल्डर धरणाची सुनावणी होती आणि हा निकाल तिथे ब्रिनच वाचून दाखवणार होती. सोळाव्या वर्षी! गावभर सांगून झालं होतं तिचं.

कंपनीचं म्हणणं सोपं होतं. साठ फुटी भिंत शंभर वर्षं उभी आहे. समुद्रातून येणारे स्टीलहेड मासे तिच्या पायाशीच अडतात. वर राहून गेलेले मासे एव्हाना वेगळेच झालेत. मग धरण पाडायचं कुणासाठी?

ब्रिनला दाखवायचं होतं, की ते अजून एकमेकांचे भाऊबंद आहेत. मागच्या वसंतात दोघींनी खालच्या डोहातल्या माद्या पकडल्या, पराचं टोक कातरून स्पिरिटच्या कुपीत टाकलं आणि त्यांना सोडून दिलं. यंदा उन्हाळ्यात खालच्या-वरच्या बोटभर पिल्लांचं तसंच केलं.

"डीएनए म्हणजे उतरवून घेतलेली वही," मिस डूली म्हणाल्या. "दर पिढीत उतरवताना कुठेतरी अक्षर चुकतं. भिंतीच्या दोन बाजूंना चुका वेगवेगळ्या साठत जातात. शंभर वर्षांत थोडा तरी फरक पडायलाच हवा. आणि इथे? वरच्या पिल्लांची अर्धी वही खालच्या माद्यांशी तंतोतंत जुळतेय. भाऊबंद कसले, त्यांच्या पोटची पोरं आहेत ही! साठ फूट भिंत चढतो का गं मासा?"

कुप्या खरंच मिसळल्या असतील तर सुनावणीत कंपनी हसून हसून लोळेल. आणि धरण राहील ते राहीलच.

"मग पुन्हा घेऊ," ब्रिन म्हणाली. "तुमच्या डोळ्यांदेखत."

वरच्या ओढ्याची वाट धरणावरून जात होती.

"पुन्हा कात्री?" राखणदार मिस्टर टॅगर्ट गुरगुरले. भिंतीच्या टोकाशी, खालच्या डोहापासून वर येणारा जिना संपतो तिथेच, कंपनीनं दिलेल्या घरात ते तीस वर्षं राहत होते. धरण गेलं की घरही जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. उजवा खांदा मागच्या वसंतापासून आखडलेला, म्हणून फाटक त्यांनी डाव्या हाताने ओढलं. "सोडा की बिचाऱ्यांना. कमी सोसलंय का त्यांनी?"

"एवढंसं टोक असतं, मिस्टर टॅगर्ट! नखं कापताना तुम्ही रडता का?"

"तुझी जीभ मात्र कुणी कातरत नाही," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

या वेळी प्रत्येक कुपीवर मिस डूलींनी स्वतः सही केली.

तीन आठवड्यांनी निकाल आला. तोच!

"माझं चुकलं, ब्रिन." मिस डूलींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "मासे वर कसे पोचले, देव जाणे. पण पोचलेत, आणि त्यांची पोरं मजेत वाढतायत. उद्या दणकून वाच."

ब्रिनला नाचावंसं वाटत होतं. अर्धा मिनिट नाचलीही. मग मिस्टर टॅगर्टांचं घर आठवलं आणि ती सायकल काढून थेट धरणावर गेली. उद्या शंभर लोकांसमोर कळण्यापेक्षा तिनेच सांगितलेलं बरं.

"वरची पिल्लं समुद्रातून येणाऱ्या माद्यांचीच आहेत," ती धापा टाकत म्हणाली. "पुराव्यानिशी. बहुतेक धरण पाडतील. आणि तुमचं घर... मला खरंच वाईट वाटतंय, मिस्टर टॅगर्ट."

टॅगर्ट कठड्याला टेकून खाली डोहाकडे बघत राहिले.

"आया किती निघाल्या?" त्यांनी विचारलं.

"अकरा. पक्क्या अकरा."

"जिन्यावर एक निसटली होती माझ्या हातून," ते म्हणाले. "म्हणजे ती बारावी नाही जगली."