नवरीच्या गालावरची जाळी

"ही जाळी दिसतेय का तुला?" पप्पांनी मॉनिटरवर बोट टेकवलं.

पडद्यावर सटाण्याच्या नवरीचा गाल होता. हळदीने माखलेला, पडदाभर मोठा केलेला. अल्बम छापायला टाकण्याआधी पप्पा प्रत्येक नवरीचा चेहरा असा मोठा करून एकेक पिंपल पुसून काढायचे. द्वारका चौकाजवळच्या 'गोरक्ष फोटो स्टुडिओ'चं नाव होतं ते त्यामुळेच.

भाग्यश्रीने पाहिलं. गाल होता, हळद होती. जाळीबिळी काही नव्हती.

"कसली जाळी?"

"अगं, बारीक. मच्छरदाणी पांघरल्यासारखी. गालावर, साडीवर, सगळीकडे!"

शुगर डोळ्यांवर जाऊ शकते, असं डॉक्टरांनी पप्पांना दिवाळीतच बजावलं होतं. आणि पप्पांचं सगळं पोट डोळ्यांवर!

"हां हां, आहे की!" ती पटकन म्हणाली. "सॉफ्टवेअरचा घोळ असणार. कॅमेरा नवाकोरा. त्याच्या रॉ फाइली या अपडेटनंतरच तर उघडायला लागल्या."

"तेच म्हणतोय मी!" पप्पांचा चेहरा खुलला. "बघ, तुला कळलं."

थाप होती, पण काय खणखणीत थाप! भाग्यश्रीला स्वतःचंच कौतुक वाटलं. मग ती मागच्या डार्करूममध्ये गेली आणि ओढणी तोंडात कोंबून रडली.

पुढचा आठवडा तसाच गेला. पप्पा रोज जाळी दाखवायचे, ती रोज मान डोलवायची. घरी दहावीचं पुस्तक उघडलं की कपाळ ठणकायचं, ओळी एकमेकींत घुसायच्या. काळजीच तेवढी होती. आई म्हणायची, "अभ्यासाचं टेन्शन घेऊ नकोस गं," आणि बाम लावून द्यायची.

शेवटी रविवारी तिने मनाचा हिय्या केला. आज सांगायचंच. तपासणी लांबवली आणि डोळे कायमचे गेले तर?

"पप्पा, ऐका ना, आपण एकदा डोळ्यांच्या..."

तेवढ्यात फोन वाजला. मालेगावचे सरफराजचाचा. त्यांचाही स्टुडिओ, त्यांनीही तोच कॅमेरा घेतलेला. पप्पांचे हात कटरने फोटो कापण्यात गुंतलेले, म्हणून त्यांनी स्पीकर लावायला सांगितलं.

"गोरक्षभाऊ, तुमच्याकडे पण जाळी येते का हो? मी तर चष्मेवाल्याशी भांडून आलो यार! म्हटलं, नंबर चुकीचा दिला!"

"येते ना! आठवडाभर डोकं फिरलंय."

"नव्या कॅमेऱ्याचा सपोर्ट घाईघाईत टाकलाय सॉफ्टवेअरवाल्यांनी. नेटवर सगळे बोंबलतायत. कॅमेऱ्यासोबत सीडी आलीय ना? तिच्यातल्या सॉफ्टवेअरमधून उघडा. एकदम साफ!"

भाग्यश्रीने इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचे पासपोर्ट फोटो भुर्रकन उडाले. मग तिने पप्पांना मागून गच्च मिठीच मारली.

"अगं, कटर आहे हातात! काय झालं?"

"काही नाही! तुम्ही जगातले एक नंबर फोटोग्राफर आहात!"

"ते आहेच," पप्पा म्हणाले. "पण तू पहिल्याच दिवशी ओळखलंस, मानलं बुवा. माझी वारसदार!"

त्यांनी सीडी चढवली. नवरीचा तोच फोटो जुन्या-नव्या दोन्ही सॉफ्टवेअरमधून उघडून शेजारी शेजारी लावला. भाग्यश्रीने दोन चहा सांगितले, वर स्वतःसाठी क्रीमरोलही सांगितला. आठवड्यात पहिल्यांदा तिला कडकडून भूक लागली होती.

"ये इकडे," पप्पांनी खुर्ची सरकवली. "बघ, काय फरक आहे! आंधळ्यालाही दिसेल. सांग, जाळीवाला कुठला?"

भाग्यश्री हसत हसत वाकली. मग आणखी वाकली. नाक काचेला टेकलं.

दोन्ही गाल तिला अगदी सारखे दिसत होते.