काकूंच्या हंड्याची वाफ

सकाळी सातला दरडीवर नजर ठेवणाऱ्या गावातल्या रडारने दाखवलं, डोंगर गावाकडे चार मिलिमीटर सरकलाय. रडार सांभाळणाऱ्या शलाकाने इशाऱ्याच्या भोंग्याकडे हात नेला आणि ती थांबली. समोरच्या कातळावरचा खुणेचा खांबही तेवढाच सरकलेला दिसत होता, आणि कातळ काही हलत नाही. म्हणजे फरक हवेतच होता. वाफेत रडारची लहर रेंगाळते, म्हणून वाटेतल्या द्वारकाकाकूंच्या भात उकडायच्या हंड्याची वाफ रडार रोज मापातून वजा करायचं. आज वाफच नव्हती, तरी ती वजा झाली आणि सगळंच जवळ आल्यासारखं दिसलं.

ती धावतच काकूंकडे गेली. काकू ओटीवर आंबोळी खात होत्या.

“काकू, बऱ्या आहात ना? हंडा का नाही चढवलात?”

“लेकीकडे निघालेय गो.”

“मग सांगायचं तरी! अख्खं गाव बाहेर काढणार होते मी!”

काकू अंगणात आल्या आणि डोंगराकडे बघून ओरडल्या, “चार दिवस चूल बंद आहे रे! हलू नको!”