पंख्याशी एक, दांड्यापाशी एक

"पुढे!" पाण्यातून वडील ओरडले.

सिग्नीने गियरचा दांडा पुढे सरकवला. बोट धक्क्याशेजारच्या लिफ्टवर उचलून ठेवलेली होती, इंजिन बंद होतं. मागच्या बाजूला वडील, हाल्वर, छातीपर्यंतची रबरी विजार घालून तळ्यात उभे होते आणि दोन्ही हातांनी बोटीचा पंखा फिरवत होते. गियर पडला असता तर पंखा एका बाजूला फिरेनासा झाला असता. तो दोन्हीकडे मोकळा फिरला.

"पडला?"

"कुठला! न्यूट्रलला आण. आणि दणके देऊ नकोस. तुमच्या ऑफिसातला प्रिंटर नाही तो."

"हळूच तर केला, बाबा."

"मी पंखा फिरवत असतो तेव्हाच सरकवायचा. नाहीतर आत दात दातावर अडतात, तू आणखी जोर करतेस, आणि केबल वाकते. किती वेळा सांगू?"

तिला ते पाठ झालं होतं. वडिलांचा फोन येई तो याच कामासाठी. "गियर परत अडकलाय. दोघांचं काम आहे." बाकी काही नाही. कशी आहेस, असंही नाही. मग ती शनिवारी मिनियापोलिसहून चार तास गाडी हाकत उत्तरेला येई, दांड्यापाशी बसे, पुढे, न्यूट्रल, मागे करी आणि रविवारी परत जाई. या माणसाला मुलगी हवी असते की जास्तीचे दोन हात, हे तिने कधी विचारलं नाही. विचारावंसं मात्र दर वेळी वाटे, विशेषतः परतीच्या रस्त्यावर.

दुपार कलताना पंखा एकदम अडला.

"पडला!" हाल्वर म्हणाले. "बघ, झालं की नाही? थांबतेस का आज? कालची हॉटडिश उरलीय, गरम करून खाऊ."

"उद्या कामावर जायचंय, बाबा."

"हो, हो. मग निघ. अंधार पडला की रस्त्यात हरणं येतात."

तिने गाडी वळवली तेव्हा ते अजून पाण्यातच उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाल्वर कॉफीचा मग घेऊन धक्क्यावर बसले, ते उठलेच नाहीत. शेजारच्या वर्नाला आधी वाटलं, मासे बघत बसलाय.

ऑक्टोबर संपत आला. पहाटे काठाला बर्फाची पातळ साय धरू लागली होती. तळं गोठायच्या आत बोट पलीकडच्या उतारावर नेऊन बाहेर काढायला हवी होती. भाऊ फोनवर म्हणाला, कुणाला तरी सांग, ओढत नेतील. सिग्नीने कुणाला सांगितलं नाही. वडिलांची रबरी विजार घालून, पट्टे खांद्यावर गाठ मारून आखूड करून ती कामाला लागली.

दांडा पुढे केला. पाण्यात उतरली, बोटीच्या मागे गेली, पंखा फिरवला. मोकळा. परत वर चढली, दांडा मागे ओढला, परत उतरली. तिसऱ्या खेपेला दांडा मध्येच अडला. तिने अंगाचा भार टाकला. मग आठवलं, आणि तिने झटकन हात काढून घेतला. पंख्याशी कुणीच नव्हतं.

तिने इंजिनावरचं झाकण उचललं आणि मागे पंख्याकडे जाणाऱ्या केबलचं टोक सोडवलं. आता दांडा बोटाने हलत होता. म्हणजे इथवर सगळं ठीक होतं. मग सोडवलेलं टोक हातात धरून तिने ओढून पाहिलं. ते जागचं हलेना. पाणी शिरून केबल आत गंजली होती.

"एकटीनं व्हायचं नाही ते, पोरी." धक्क्यावर वर्ना उभी होती, लोकरीच्या टोपीत, काखेत थर्मास.

"कळलं, काय बिघडलंय ते. मागची केबल गेलीये, वर्ना."

"आत्ता कळलं? ती गेली त्याला तीन उन्हाळे झाले."

सिग्नीने मान वर केली.

"मी तेव्हाच सांगितलं होतं तुझ्या बापाला. म्हटलं, नवी टाक, एका दुपारचं काम. मी धरते दांडा. पण हात लावू देईल तर ना! नुसतं तेल सोडायचा. तेवढ्यावर ती महिनाभर चालायची, की परत अडकायची."

"पण का?"

"तेच विचारलं मी. तर म्हणतो कसा, 'नीट करून ठेवली तर पोरीला काय सांगून बोलावू?'" वर्नाने नाक पुसलं. "येडा! फोन उचलायचा आणि ये म्हणायचं. त्यात काय?"

वर्नाने थर्मास धक्क्याच्या फळीवर ठेवला.

"कॉफी घे. मी माझी बोट आणते, दोर बांधून नेऊ पलीकडे. आणि त्या गार पाण्यात उभी राहू नकोस."

तिची पावलं फळ्यांवरून दूर गेली. काठावरच्या बाकीच्या घरांना उन्हाळा संपल्यापासून कुलपं होती. सिग्नी पाण्यात उतरली आणि बोटीच्या मागे जाऊन वडील उभे राहत तिथे उभी राहिली. तिथून दांड्यापाशी बसलेल्या माणसाचं डोकं आणि खांदे तेवढे दिसले असते. तिने दोन्ही हात पंख्यावर ठेवले. लोखंड बर्फासारखं गार होतं. ती पंखा फिरवू लागली. तो कुठेही न अडता फिरत राहिला.

"बाबा," ती दांड्यापाशीच्या मोकळ्या जागेकडे बघत मोठ्याने म्हणाली, "मीसुद्धा बोटीसाठी येत नव्हते."