डब्यांचा तांबडा

तुळशीरामनं सागवानातून नागभीडची छोटी रेल्वे हुबेहूब घडवली, पण घोडं अडलं रंगावर. जन्मभर खऱ्या डब्यांना तो तांबडा रंग देणाऱ्या हाताला आता तोच साधेना, आणि ताडून बघायला डबेच उरले नव्हते. सगळे भंगारात गेले. शेवटी बायकोनंच माळ्यावरून लेकीचा पांगुळगाडा उतरवला. डब्यांचा उरलेला रंग तेव्हा त्यानंच गाड्याला दिला होता. दीड वर्षांची लेक तापानं गेली, आणि त्यानंतर गाडा खाली आला नव्हता. त्यानं नवा रंग कालवून चाकावर ठिपका दिला. ठिपका जुन्या रंगात दिसेनासा झाला. "जुळला वं!" तो हरखला. "थांब, यालेही नवा करून देतो." रंगाऱ्याच्या सवयीनं त्यानं खाचा बुजवायला पुट्टी मळली आणि बोट दांड्याकडे नेलं. बायकोनं मनगट धरलं. "त्या दोन बुजवू नोका जी. तिथं तिचे दात आहेत."